शेजाऱ्याची निद्रा आणि आपला दिवा

ज्याच्या घरी विजेचा दिवा लागतो, त्यास ती वीज कोठे निर्माण झाली याची विचारपूस करण्याचे प्रयोजन सहसा पडत नाही. परंतु जेथे ती निर्माण होते, तेथील शेजाऱ्यास तिचे अस्तित्व अहोरात्र कानांनी जाणवत असते. अशा शेजाऱ्याने तक्रार केली, की ‘प्रगतीचा वैरी’ म्हणून त्याची संभावना करावयास सुशिक्षित मंडळीही कचरत नाहीत. हे न्याय्य आहे काय?

आम्हां वारंगा फाट्याच्या रहिवाशांस गोंगाटाचे नावीन्य नाही. नांदेड, हिंगोली व नागपूर या दिशांचे रस्ते येथे मिळतात. वीज गेली की डिझेलच्या जनित्रांची घरघर त्यांत भर घालते. तथापि वीज परतताच ही जनित्रे मुकी होतात. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवरच्या किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांचे तसे नाही. वारा वाहील तोवर त्या फिरावयाच्याच, मग मध्यरात्र का असेना.

रात्रीच हा ध्वनी अधिक का जाणवतो, यास शास्त्रीय कारण आहे. सूर्यास्तानंतर जमीन निवते, भूपृष्ठालगतचा वारा पडतो व झाडांची सळसळ थांबते. परंतु उंचावर वारा वेगाने वाहतच असतो. म्हणजे अंगणात पानही हलत नाही आणि वर पाती सपसप फिरत असतात. तो आवाज झाकावयास दुसरा आवाज उरत नाही.

जर्मनी व हॉलंड यांच्या सीमेवरील १७ पवनचक्क्यांच्या एका केंद्राविषयी असाच वाद उद्भवला. १९०० मीटर दूर राहणारे लोकही त्रासाची तक्रार करीत होते. फान डेन बर्ग नामक संशोधकाने प्रत्यक्ष मोजमाप करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रात्री पात्यांच्या उंचीवरील वारा अपेक्षेच्या २.६ पटींपर्यंत वेगवान आढळला, आणि ध्वनी दिवसाच्या मानाने १५ डेसिबलांपर्यंत अधिक! तक्रारदार खरे ठरले, खोटा ठरला तो कागदावरील हिशेब.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीस दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. ती १० डेसिबल वा अधिकाने ओलांडली गेल्यास नागरिकास तक्रारीचा अधिकार आहे. पवनचक्की वस्तीपासून ५०० मीटरांच्या आत असू नये, असे केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचनांत ध्वनीच्याच कारणास्तव सांगितले होते.

तेव्हा ज्यांच्या गावी असा प्रकल्प येऊ घातला असेल, त्यांनी ग्रामसभेतच अंतराचा प्रश्न विचारावा. यंत्र उभे राहिल्यावर ते हलविणे दुर्घट असते. त्रास होऊ लागल्यास तिथी, वेळ, वाऱ्याची दिशा व यंत्राचे अंतर यांची रोज नोंद ठेवून मोजमापाची लेखी मागणी करावी. केवळ संतापास अधिकारी दाद देत नाही. मांडलेल्या आकड्यांस त्यास उत्तर द्यावे लागते.

आणि ज्यांच्या घरी तीच वीज उजेड देते, त्यांचे कर्तव्य काय? निदान त्या तक्रारीस हसू नये. वीज हवी, पवनचक्क्याही हव्यात. परंतु त्यांचे मोल एकट्या शेजाऱ्याने आपल्या निद्रेने चुकते करावे, हा शेजारधर्म नव्हे.