पिन बसली, पण पडदा जुळला का?

डोलवीचा पोलाद कारखाना इस्पातने उभारला तो १९९०च्या दशकात. २०१०च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यूकडे गेला. त्या पिढीची सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रे पेण-वडखळ पट्ट्यातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये आजही राबत असतील तर नवल नाही. लोखंड टिकते, आधी दगा देतो तो ट्यूबचा पडदा. मग मालक मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठून जुना मॉनिटर शोधतो. दुकानदार स्वतःच्या पीसीला जोडून झळझळीत चित्र दाखवतो. त्यातून कळते ते इतकेच, की ट्यूब जिवंत आहे आणि मॉनिटरचे त्या पीसीशी जमते. तुमच्या यंत्राशी जमेल का, हा प्रश्न तसाच राहतो आणि पैसे बुडतात ते बहुधा तिथेच.

ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत ओळीओळीने चित्र रंगवतो. सेकंदाला किती ओळी, ही आडवी वारंवारिता. सगळा खेळ तिचा. उदाहरणार्थ, आयबीएमच्या १९८१च्या पीसीला पडद्यासाठी दोन कार्डे मिळत, एकरंगी एमडीए आणि रंगीत सीजीए. सॉकेट दोन्हींचे नऊ पिनांचेच, पण एमडीए १८.४ किलोहर्ट्झवर चाले आणि सीजीए १५.७ वर. १९८४मध्ये आलेले ईजीएही नऊ पिनांचेच, ते २१.८ पर्यंत चढले. एकाची वायर दुसऱ्यात अलगद बसते, म्हणूनच फसगत होते. एकाच वारंवारितेसाठी बांधलेल्या मॉनिटरला भलताच सिग्नल दिला तर प्रकरण चित्र फाटण्यावर थांबेलच असे नाही. आयबीएमच्या एकरंगी ५१५१ मॉनिटरचे आडव्या ओळी हाकणारे सर्किट जळूही शकते. त्यातला, टीव्ही मेकॅनिक ज्याला ईएचटी म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर आता सहज मिळत नाही. शिवाय या तिन्हींचा सिग्नल डिजिटल. १९८७च्या व्हीजीएपासून तो ०.७ व्होल्टचा अॅनालॉग झाला आणि वारंवारिता ३१.५ वर गेली.

यावर 'मल्टिसिंक घ्या', म्हणजे अनेक वारंवारिता पेलणारा मॉनिटर घ्या, असे सांगणारे भेटतील. एनईसीचा मूळ मल्टिसिंक १५ किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरत असे. तेच नाव लावलेले नंतरचे बरेच मॉनिटर ३० च्या खाली काही दाखवत नाहीत. तेव्हा नाव सोडा, मागच्या पट्टीवरचा किंवा मॅन्युअलमधला आकडा वाचा. 'अडॅप्टर लावू' हा दुसरा सल्ला. साधा अडॅप्टर पिनांची अदलाबदल करतो, वारंवारितेला हातही लावत नाही. ते काम कन्व्हर्टर बोर्डाचे, आणि तो घेतानाही पाहायचे की यंत्राचा सिग्नल डिजिटल की अॅनालॉग. अॅनालॉग बोर्डाला डिजिटल सिग्नलचे ५ व्होल्ट थेट देऊन चालत नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे: बोर्ड घ्यायचाच तर ट्यूब कशाला, एलसीडी का नको? वर्कशॉपपुरता तो आक्षेप मान्य करावा. धरमतर खाडीची दमट हवा आणि धूळ ट्यूबच्या हजारो व्होल्टच्या सर्किटला मानवत नाही. अपवाद पडद्याला टेकवायच्या लाइट पेनचा: तो झोताची वेळ टिपूनच जागा ओळखतो, त्यामुळे एलसीडीवर निरुपयोगी. जुन्या संगणकांचे संग्राहकही ट्यूबच मागणार, ती हौस आहे. मात्र पडदा कुठलाही घ्या, आधी यंत्राची वारंवारिता हवी. अनेक जुन्या सीएनसी पडद्यांची ती १५ किंवा २४ किलोहर्ट्झच्या आसपास असते. मॅन्युअल हरवले असेल तर पडदा बंद असतानाही, व्हिडिओ कार्ड शाबूत असल्यास, ओळींचा ताल देणाऱ्या सिंकच्या पिनेवर ऑसिलोस्कोप लावून ती मोजता येते.