जुन्या जीपचा सेन्सर आणि अर्थ
बहुतेक जुन्या जीपच्या तापमान-सेन्सरला एकच वायर असते. विजेचा परतीचा मार्ग इंजिनाच्या धातूतून, अर्थच्या पट्टीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे जातो. चिखलपाण्याने पट्टीचे सांधे गंजले की रोध वाढतो. सेन्सर तापला की त्याचा रोध घटतो. साहजिकच सांध्यांचा हा वाढीव रोध सेन्सरच्या रोधात मिळाला की तापमानमापकाचा काटा इंजिन थंड असल्याचे भासवतो, आणि हा दिलासा धोक्याचा. हेडलाइट लावताच काटे हलले, तर संशय आधी अर्थवरच घ्यावा. इंजिन व दिवे चालू ठेवून इंजिन-ब्लॉक आणि ऋण टोक यांच्यामधला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावा. तो ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आढळल्यास सांधे लख्ख घासून घट्ट आवळावेत. सेन्सरच्या आट्यांवर गुंडाळलेली टेफ्लॉन टेपही असाच घोळ घालू शकते. नवा सेन्सर त्यानंतरच आणावा.