चित्र अडते तेव्हा आधी वायर पाहा

आमच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, गुडघ्यांमुळे फारशा बाहेर पडत नाहीत. मी शाळेत, मुले शाळेत, मुलांचे अब्बा कामावर. दुपारी घरात त्या आणि टीव्ही. गेल्या पावसाळ्यात चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागले, आवाज तुटू लागला. काही चॅनेल दिसत, काही नाहीत. मेकॅनिकने फोनवरच निदान केले, "बॉक्स गेला, नवा घ्या." अम्मी म्हणाल्या, "राहू दे बेटा, कशाला खर्च?" पण दुपारी त्या नुसत्याच भिंतीकडे बघत बसलेल्या दिसल्या, तेव्हा राहवेना.

नवा बॉक्स घेण्याआधी आम्ही एक साधी गोष्ट केली. शेजारीही आमच्यासारखीच दूरदर्शनची फ्री डिश आहे. आमचा बॉक्स त्यांच्या वायरला लावून पाहिला. सगळे चॅनेल स्वच्छ! म्हणजे बॉक्स ठीक होता. दोष छत्री आणि बॉक्स यांच्या मधे कुठेतरी होता.

जुन्या अँटेनाच्या काळी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण चित्र दिसायचे. डिजिटलचे तसे नाही. सिग्नल ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत चित्र उत्तम दिसते. त्याखाली गेला की तुकडे पडतात, मग पडदा काळा होतो. त्यामुळे बिघाड अचानक झाला असे वाटते, पण वायर बऱ्याचदा महिनोन्‌महिने आतून खराब होत असते.

ही वायर दुहेरी काम करते. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीकडून सिग्नल खाली आणते आणि एलएनबीला लागणारी 13 किंवा 18 व्होल्टची वीज बॉक्सकडून वर नेते. जोड गंजला की दोन्ही कामे बिघडतात. खराब वायरीत वरच्या फ्रिक्वेन्सीचे सिग्नल जास्त क्षीण होतात, म्हणून काही चॅनेल आधी जातात.

तुमच्या घरी असे झाले तर या क्रमाने पाहा.

मुसळधार पाऊस चालू असेल तर थांबा. दाट पावसात सिग्नल क्षीण होतोच. पाऊस ओसरला की चित्र परत येते. ऊन पडल्यावरही आले नाही, तर जोडात पाणी शिरल्याची शंका घ्या.

रिमोटने बॉक्सचा मेनू उघडा. मेनू स्पष्ट दिसला तर टीव्ही आणि त्याला बॉक्सपासून येणारी वायर ठीक आहे. मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. क्वालिटीकडे जास्त लक्ष द्या. कोणीतरी वायर हळूच हलवल्यावर ती वरखाली होत असेल, तर दोष तिथेच आहे.

आता बॉक्सचा प्लग काढा. वीज चालू असताना वायर सोडू नका. मागचा पेचाचा कनेक्टर उघडून पाहा. मधली तार सरळ आणि कडेच्या किंचित बाहेर आलेली हवी. भोवतीच्या जाळीचा एकही धागा तिला टेकता कामा नये. तांब्यावर हिरवट थर असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा.

मग पूर्ण वायर नजरेखालून घाला. खिडकीत चेपलेली, खिळ्याने दबलेली, काटकोनात मुडपलेली जागा शोधा. आमच्याकडे दोष असाच सापडला. रंगकामात तुटलेली वायर कोणीतरी पिळून, चिकटपट्टी गुंडाळून जोडली होती. पट्टी सोडली तर आत पाणी आणि हिरवे पडलेले तांबे! अशी वायर पिळून जोडायची नसते. जोड टाळता येत नसेल तर दोन्ही टोकांना कनेक्टर लावून मधे जॉइंटर घालावा. आम्ही आरजी-6 ची अखंड वायर घेतली. खर्च नव्या बॉक्सच्या मानाने किरकोळ झाला.

नवी वायर लावताना दोन गोष्टी सांभाळा. खिडकीतून आत येण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, घरात किंवा कनेक्टरमध्ये येणार नाही. बाहेरच्या जोडावर पट्टी खालून वर गुंडाळा. कौलांसारखा वरचा थर खालच्यावर यायला हवा.

आणि एक कळकळीची विनंती. ओल्या छपरावर, विजा चमकत असताना किंवा विजेच्या तारा जवळून जात असतील तिथे मुलांना चढवू नका. स्वतःही चढू नका. छत्रीपाशीचे काम जाणत्या माणसावर सोडा. फक्त "आधी वायर तपासा" एवढे त्याला सांगा.

परवा शाळेतून आले तर अम्मी चष्मा लावून बातम्या ऐकत होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "सलमा, कांदा महाग होणार म्हणे. आजच आणून ठेव."