जिना आणि रत्ती राहायचे ते घर हे नाहीच! मग ते घर गेलं कुठे?

मुंबईच्या मलबार हिलवरच्या 'जिना हाऊस'चे फोटो अधूनमधून व्हायरल होतात. 'इथेच जिना आणि रत्तीचा संसार झाला', असं कॅप्शन तुम्हीही वाचलं असेल. पण ते चुकीचं आहे. पत्ता तोच, घर मात्र दुसरं!

आधी तिथे काय होतं?

माउंट प्लेझंट रोडवर 'साउथ कोर्ट' नावाचा जुना बंगला होता. बॅरिस्टर मोहम्मद अली जिना तेव्हा काँग्रेसमध्ये होते. 19 एप्रिल 1918 रोजी त्यांचं सर दिनशॉ पेटिट यांच्या मुलीशी, रत्तीशी लग्न झालं. ती 18 वर्षांची, ते चाळिशी ओलांडलेले. पारशी समाज आणि वडील दोघंही तिला दुरावले. ती याच बंगल्यात राहायला आली. पण संसार टिकला नाही. 1928 मध्ये ती वेगळी झाली आणि 20 फेब्रुवारी 1929 ला, आपल्या 29व्या वाढदिवशी गेली.

मग बंगला पाडला कोणी?

खुद्द जिनांनीच. रत्ती गेल्यावर ते काही वर्षं लंडनला राहिले. परतल्यावर त्यांनी जुना बंगला पाडला आणि त्याच जागी, 1936 च्या सुमारास, वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांच्याकडून नवा बांधून घेतला. आज दिसतो तो हाच. सप्टेंबर 1944 मधली गांधी-जिना बोलणी इथेच झाली.

फाळणीनंतर काय झालं?

जिनांनी 1939 च्या मृत्युपत्रात हे घर बहीण फातिमाला दिलं होतं. त्या पाकिस्तानात गेल्या आणि सरकारने घर 'निष्क्रांत मालमत्ता' ठरवलं, म्हणजे फाळणीत देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे ब्रिटिश उप-उच्चायुक्तांचं वास्तव्य होतं. 2007 मध्ये जिनांची मुलगी दीना वाडिया यांनी मुंबई उच्च न्यायालयात घरावर हक्क सांगितला. 2017 मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर निकाल लागला नव्हता. पाकिस्ताननेही हे घर वकिलातीसाठी अनेकदा मागितलंय.

गंमत बघा, दोन देशांचं भांडण आहे ते नव्या घरावरून. दीनाच्या आईचं घर कधीच गेलं आणि त्याबद्दल कोणीच भांडलं नाही.

मग आपण काय करायचं?

मुंबईची वारसा नियमावली आली 1995 मध्ये, म्हणजे साउथ कोर्ट पाडल्यावर जवळपास 60 वर्षांनी. आणि आपल्या मालवण-वेंगुर्ल्यातही हेच चाललंय ना? चिरेबंदी कौलारू घर पाडायचं, तिथेच स्लॅबचा बंगला बांधायचा आणि नाव जुनंच ठेवायचं. घर मालकाचं, निर्णयही त्याचाच. पण पाडण्याआधी खोल्यांचे, माजघराचे, पडवीचे चार फोटो काढा. घर कधी बांधलं, तिथे कोण कोण राहिलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. नाहीतर उद्या आपल्याही घराच्या फोटोखाली कोणीतरी चुकीचं कॅप्शन टाकेल.