गोव्यातली ‘जर्मन पाणबुडीची दुर्बीण’ खरी की खोटी? पैसे पाठवण्याआधी हे तपासा



आमचं धावडा गाव जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरीही मागच्या महिन्यात एक जर्मन पाणबुडीची दुर्बीण आमच्या घरी येता येता राहिली.

माझ्या चुलतभावाला दुसऱ्या महायुद्धातल्या वस्तू जमवायचा नाद आहे. एका संध्याकाळी त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. “दादा, बघ ना. गोव्याच्या समुद्रातून निघालेली आहे. २८ हजार म्हणतोय. ३ हजार ॲडव्हान्स टाकले पण मी.” बाकीचे २५ हजार मिरचीच्या पट्टीतून जाणार होते. म्हणून मी त्याच रात्री बसून तपासलं.

फोटोत चकचकीत पितळी दुर्बीण होती. अंगावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत कोरलेलं ‘क्रीग्समरीन, यू-बोट, १९४३’. क्रीग्समरीन म्हणजे हिटलरच्या काळातलं जर्मन नौदल, आणि यू-बोट म्हणजे त्यांची पाणबुडी. विकणारा सांगत होता की ही मुरगावच्या बंदरात बुडालेल्या ‘एरेनफेल्स’ या पाणबुडीतली आहे.

आता गंमत बघा. एरेनफेल्स खरंच होती, मुरगावलाच बुडाली, सालही १९४३ बरोबर. पण ती पाणबुडी नव्हतीच!

महायुद्ध सुरू झालं तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि पोर्तुगाल तटस्थ. म्हणून एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन मालवाहू जहाजं तिथे आसऱ्याला येऊन थांबली. सोबत एक इटालियन जहाजही होतं, ‘आन्फोरा’. ब्रिटिशांना संशय होता की एरेनफेल्सवर गुप्त ट्रान्समीटर आहे आणि मित्रराष्ट्रांच्या जहाजांच्या बातम्या त्यावरून पाणबुड्यांना जातात. तंत्राच्या बाजूने हे शक्य होतं. शॉर्टवेव्ह रेडिओच्या लहरी वातावरणाच्या वरच्या आयनीभूत थरावर आपटून परत खाली येतात, त्यामुळे बंदरात उभ्या जहाजावरून हजारो किलोमीटर लांब संदेश जाऊ शकतो.

पण तटस्थ बंदरात सैन्य घुसवणं म्हणजे पोर्तुगालशी भांडण. मग ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतली वय झालेली साहेब मंडळी निवडली. ‘फीबी’ नावाच्या बार्जवरून ती ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगावला पोहोचली आणि एरेनफेल्सवर चढली. जर्मन खलाशांनी झडपा उघडून जहाज बुडवलं. बाकीची तीनही जहाजं त्यांच्या खलाशांनीच बुडवली. हे प्रकरण लोकांसमोर आलं ते १९७८ मध्ये, जेम्स लीझर यांच्या पुस्तकातून. पुढे त्यावर ‘द सी वुल्व्ज’ हा सिनेमाही निघाला.

म्हणजे विकणाऱ्याने खरी गोष्ट उचलली आणि तिला खोटी वस्तू चिकटवली. एरेनफेल्स ब्रेमेनच्या ‘हान्सा’ कंपनीचं व्यापारी जहाज. तिच्यावरच्या दुर्बिणीवर ‘यू-बोट’ कोरलेलं कशाला असेल? असाच दुसरा दावा ‘नेताजींच्या पाणबुडीतलं’ म्हणून होऊ शकतो, तोही लक्षात ठेवा. नेताजी फेब्रुवारी १९४३ मध्ये कील बंदरातून यू-१८० ने निघाले आणि एप्रिलमध्ये मादागास्करजवळ भर समुद्रात जपानी पाणबुडीत गेले. यू-१८० भारताच्या किनाऱ्याला लागलीच नाही.

आता दुर्बिणीकडे येऊ. नौदलाची नेहमीची दुर्बीण ७×५० ची. ७ पट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. ५० ला ७ ने भागलं की साधारण ७ येतात. डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली जवळपास तेवढीच उघडते, म्हणून रात्री पहाऱ्याला हे माप सोयीचं. भावाच्या फोटोतल्या दुर्बिणीवर माप कुठेच नव्हतं.

युद्धाच्या काळात जर्मन कारखाने मालावर आपलं नाव न टाकता तीन छोट्या अक्षरांचा कोड टाकायचे, म्हणजे कारखाना कुठला ते शत्रूला कळू नये. येनाच्या कार्ल झाइसचा कोड ‘बीएलसी’, लाइट्झचा ‘बीईएच’. नौदलाच्या मालावर गरुड आणि ‘एम’ अक्षराचा शिक्का असतो. अर्थात कोडही नंतर ठोकता येतो, त्यामुळे एकट्या कोडवर भुलू नका. पण मोठ्या सुबक अक्षरांत ‘यू-बोट’ असं लिहिलेलं असेल तर ते शोकेससाठीच समजा.

काचही बोलते. भिंगावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाडून बघा. थर नसलेल्या काचेत ते पांढरं दिसतं. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधलेला थर असेल तर निळसर. लालभडक किंवा गडद हिरवी झाक दिसली तर माल अलीकडचा असण्याची शक्यता जास्त. आणि पितळ! जहाजावरच्या वस्तूंच्या पितळी नकला आपल्याच देशात, रुडकी-मुरादाबादकडे, ढिगाने बनतात. नक्कल म्हणून विकली तर त्यात काही गैर नाही, छान शोभेची वस्तू आहे.

शेवटी मी तो फोटो गुगल लेन्समध्ये टाकला. तीच दुर्बीण, तेच लाकडी टेबल, ‘अँटिक फिनिश’ म्हणून एका सजावटीच्या दुकानात, किंमत दोन हजारांच्या आत. भावाला म्हटलं, विकणाऱ्याकडे भिंगाचा आणि शिक्क्याचा जवळून फोटो माग. त्याने मागितला. उत्तर आलं, “आधी पूर्ण पेमेंट.” पुन्हा मागितल्यावर ब्लॉक.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि यूपीआय व्यवहाराचा नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट दिले. असा फोन जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. आम्हाला तोवर चार दिवस झाले होते. ३ हजार अजून आलेले नाहीत. मिरचीची पट्टी मात्र काकूने स्वतःकडे ठेवून घेतली आहे.