मालकाच्या जबाबदारीवरचे पाणी

अमेरिकेच्या १९७४ सालच्या पेयजल सुरक्षा कायद्याच्या कक्षेत किमान १५ नळजोडण्या असलेल्या, किंवा वर्षातून निदान ६० दिवस किमान २५ माणसांना पाणी पुरवणाऱ्या योजनाच येतात; त्यामुळे ॲरिझोनाच्या वाळवंटात शहराची जलवाहिनी जेथे संपते त्यापलीकडे स्वतःच्या विहिरीवर राहणाऱ्या कुटुंबाच्या पाण्यात काय आहे, हे पाहण्याचा भार मालकावरच पडतो. या विहिरी म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना बोअर म्हणतात तशा, केसिंग पाइपाने आतून धरून ठेवलेल्या अरुंद विंधन विहिरी असून, मिनिटाला ३५ गॅलन, म्हणजे सुमारे १३२ लिटर, यापेक्षा अधिक क्षमतेचा पंप नसलेल्या घरगुती विहिरींना राज्याच्या १९८० च्या भूजल कायद्याने बहुतेक निर्बंधांतून सूट दिलेली आहे. नोंदणी मात्र सुटलेली नाही. जलसंपदा विभागाच्या नोंदणीत विहिरींना ५५ ने सुरू होणारे क्रमांक आहेत, आणि जाणकार तपासनीस प्रथम त्या क्रमांकाखालची खोदाईची नोंद शोधतो, कारण खोली, लागलेले थर आणि त्या वेळची पाण्याची पातळी हे तपशील हाताशी नसतील तर आजच्या मोजमापाला तुलनेचा आधारच उरत नाही.

जमिनीवरचा भाग पाहणे त्यामानाने सोपे असते. केसिंग जमिनीपासून निदान एक फूट वर आलेले असावे, खाली निदान २० फुटांपर्यंत त्याच्याभोवतीची पोकळी सिमेंटने बुजवलेली असावी आणि सांडपाण्याची टाकी १०० फुटांहून जवळ नसावी, असा राज्याचा नियम आहे. वर्षातले बहुतेक दिवस कोरडे जात असल्याने विहिरीच्या सैल झाकणाकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु जुलै ते सप्टेंबरच्या वादळी पावसात कडक जमिनीवरून वाहणारे पाणी जनावरांची विष्ठा घेऊन थेट त्या फटीत उतरू शकते. उघड्यावरचे प्लास्टिकचे पाइप उन्हाने ठिसूळ होतात, आणि पंप चालू-बंद करणाऱ्या दाबकळीत मुंग्या शिरून तिचे संपर्कबिंदू अडवतात, ही तक्रार तर नेहमीचीच आहे.

विहिरीची खरी कसोटी लागते ती उपसा चाचणीत. पंप बंद ठेवून विहीर विसावल्यावर मिळते ती स्थिर पातळी. त्यानंतर काही तास, बहुधा चार, पंप सलग चालवून पाणी किती खाली जाते आणि उपसा थांबल्यावर किती वेळात पूर्ववत भरते, हे ठरावीक अंतराने मोजले जाते. घर विकत घेताना पंधरा मिनिटे नळ सोडून ‘पाणी भरपूर आहे’ असा निर्वाळा देण्याला काही अर्थ नसतो, कारण ६ इंच व्यासाच्या केसिंगमध्ये दर फुटाला सुमारे साडेपाच लिटर पाणी मावते आणि २०० फुटांचा स्तंभ उभा असेल, तर भोवतालच्या थरांतून एक थेंबही न झिरपता मिनिटाला ३८ लिटरची धार जवळजवळ अर्धा तास टिकते. शिवाय पाण्यात बुडून चालणारी मोटर त्या पाण्यानेच थंड राहते, त्यामुळे पातळी पंपापर्यंत उतरणाऱ्या विहिरीत पाणी संपण्याआधी मोटर जळण्याचा धोका असतो. हिवाळ्यात घेतलेली चाचणी उन्हाळ्यातील मागणीचा अंदाज देत नाही, हेही अहवालात लिहिलेले क्वचितच आढळते.

पाण्याच्या गुणवत्तेबाबत निर्मळपणा ही सर्वांत फसवी खूण आहे. वाळवंटी खोऱ्यांतील गाळाच्या थरांत, ज्वालामुखीजन्य खडकांच्या सान्निध्यात, दीर्घकाळ मुरलेल्या अल्कधर्मी पाण्यात आर्सेनिक निसर्गतःच विरघळते. त्याला ना रंग असतो ना वास, आणि व्हर्डे खोऱ्यासारख्या भागात त्याचे प्रमाण सार्वजनिक योजनांसाठी ठरलेल्या लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेहून बरेच वर जाते. पाणी उकळल्याने आर्सेनिक नष्ट होत नाही, उलट वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याची तीव्रता वाढते. फ्लोराइड आणि काही ठिकाणी युरेनियम यांचीही तपासणी करावी लागते, पण ती दरवर्षी करण्याची गरज नसते. वार्षिक चाचणी आवश्यक असते ती नायट्रेटची आणि कोलिफॉर्म जिवाणूंची. जिवाणूंचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन, बर्फात ठेवून, त्याची तपासणी ३० तासांच्या आत प्रयोगशाळेत सुरू व्हावी लागते, आणि ४० अंशांपलीकडच्या उन्हात गाडीत विसरलेली बाटली खुशाल फेकून द्यावी.

इतके सारे करूनही अहवाल एका दिवसापुरताच खरा असतो. विलकॉक्स खोऱ्यात उथळ घरगुती विहिरी आटल्या त्या बांधणीच्या दोषामुळे नव्हेत, तर शेजारच्या शेतीसाठी झालेल्या खोल उपशामुळे. राज्याच्या नियमन क्षेत्रांबाहेर वाजवी उपयोगासाठी जमीनमालकाने किती पाणी उपसावे यावर मर्यादा नव्हती. म्हणूनच दर वर्षी एकाच ऋतूत मोजून ठेवलेली स्थिर पातळी ही तपासणीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित नोंद ठरते, कारण विहीर आणखी खोल नेण्याचा किंवा पंप खाली उतरवण्याचा निर्णय कधी घ्यायचा, हे त्या आकड्यांच्या उतारावरूनच कळते.