फिरता कर्णा आणि शेजारधर्म

संगीत नाटकांची आवड असलेल्या घरात ‘ऑर्गन’ म्हटले की पायाने भाता मारत वाजवायची ती भारदस्त पेटी डोळ्यांसमोर येते. तिचा सूर नाट्यगृहात मागच्या रांगेपर्यंत जाई, पण तिच्यामुळे शेजाऱ्याच्या फडताळातल्या कपबश्या कधी थरथरल्या नाहीत. अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ मध्ये विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला आणि कपबश्यांचे दिवस फिरले!

त्यातही खरी करामत ऑर्गनची नाही, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कपाटाची. कॅलिफोर्नियातल्या डॉन लेस्ली यांनी १९३७ मध्ये हॅमंड ऑर्गन विकत घेतला. दुकानाच्या प्रशस्त दालनात भरदार वाटलेला त्याचा सूर घरच्या छोट्या खोलीत अगदी सपाट वाटू लागला. मोठ्या दालनात आवाज चहूकडच्या भिंतींवरून परतून येतो. छोट्या खोलीत ते घडत नाही. मग आवाजालाच फिरवले तर?

त्यातून लेस्लींचा फिरता स्पीकर जन्माला आला. कपाटाच्या वरच्या कप्प्यात दोन तोंडांचा कर्णा गरगर फिरतो. त्यातले एकच तोंड बोलते, दुसरे केवळ तोल सांभाळायला. खाली पंधरा इंची स्पीकर जमिनीकडे तोंड करून बसवलेला असतो आणि त्याच्याखाली लाकडी ढोल फिरतो. फलाटावरून गाडी धडधडत जाताना तिची शिट्टी आधी चढी आणि मग उतरलेली ऐकू येते ना? तोच डॉप्लर परिणाम इथे वेगाच्या कळीवर मिनिटाला सुमारे चारशे वेळा घडतो. सूर थरथरतो, हेलकावतो, जिवंत होतो.

गंमत म्हणजे खुद्द हॅमंड यांना हे कपाट पसंत नव्हते. पण वादकांनी ते उचलून धरले. चर्चमधून ते जॅझमध्ये गेले, जिमी स्मिथ यांच्यामुळे गाजले. १९६६ मध्ये बीटल्सनी तर जॉन लेननचा आवाजच त्यातून काढला. छोट्या खोलीला मोठे करण्यासाठी जन्मलेला हा स्पीकर आता छोट्या खोलीत मावेनासा झाला. त्याचा चाळीस वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात चालवला की सूर किंचित फाटतो, आणि रसिकांना हवी असते ती नेमकी हीच खरखर. मग शेजाऱ्यांनी काय करायचे?

पहिली गोष्ट, फिरण्याची जादू आवाजाच्या जोरावर अवलंबून नाही. हळू वाजवले तरी कर्णा तितकाच फिरतो. चाळीसच्या जागी चार वॅट दिले तर आवाज नाहीसा होत नाही. कानाला तो साधारण निम्मा वाटतो. खरखर हवीच असेल तर ती स्पीकरच्या आधीच वेगळ्या उपकरणाने आणता येते.

दुसरी गोष्ट खर्जाची. तारस्वर भिंतीशी बऱ्यापैकी अडतात. खर्ज जमिनीतून, खांबांतून थेट खालच्या मजल्यावर उतरतो. म्हणून कपाट कोपऱ्यात किंवा सामाईक भिंतीला टेकून ठेवू नये. कोपऱ्यात खर्ज अधिकच फुगतो. खाली जाड रबराची बैठक द्यावी. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची हौस मात्र फुकट जाते. त्याने खोलीतला प्रतिध्वनी थोडा कमी होईल, पलीकडे जाणारा आवाज नाही. तो अडवायला वजनदार भिंत, मध्ये पोकळी आणि कुठेही फट नसणे, हे तिन्ही लागते.

ध्वनिमुद्रण करणारे काही जण म्हणूनच सबंध कपाट एका जाड पेटीत कोंडतात, आत मायक्रोफोन लावतात आणि बाहेर हेडफोनवर ऐकतात. मात्र व्हॉल्व्ह तापतात, त्यामुळे हवा खेळती ठेवावी लागते आणि त्या वाटेनेही आवाज निसटतो. आता हा फिरता परिणाम हुबेहूब साधणारी छोटी इलेक्ट्रॉनिक उपकरणेही मिळतात. रात्रीच्या रियाजाला ती पुष्कळ झाली. पण खोलीतली हवा हलल्याचा अनुभव हेडफोनमध्ये येत नाही, हेही खरे.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण वाद्य कुठलेही असो, नियमाच्या आधी एक सोपी परीक्षा करून पाहावी. घरातल्या कुणाला तरी वाजवायला बसवावे आणि आपण शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या झोपायच्या खोलीत दहा मिनिटे बसावे. दुकानात ऐकलेला सूर घरात वेगळा लागतो, हे लेस्लींना उमगले होते. आपल्या खोलीतला सूर भिंतीपलीकडे कसा लागतो, हेही तिथे जाऊन ऐकल्याशिवाय कळत नाही. परतताना वाजवण्याची वेळ ठरवून घ्यावी आणि एखाद्या संध्याकाळी त्यांनाच चहाला बोलवावे. फिरणारा कर्णा डोळ्यांनी पाहिला की त्या आवाजाशी थोडी ओळख होते, आणि ओळखीच्या आवाजाचा त्रास जरा कमीच होतो.